१४४१६ ची वंशावळ

१४४१६ हा क्रमांक देशात कुठूनही, दिवसा-रात्री कधीही आणि फुकट लागतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारने ‘टेली मानस’ या नावाने तो सुरू केला. मराठीसह वीस भाषांत त्यावर बोलता येतं. सरकारी क्रमांक म्हटला की तो एखाद्या मंत्रालयाच्या फायलीत जन्माला आला असेल असं आपण धरून चालतो. त्याची वंशावळ काढायला बसलं की मात्र भलतीच माणसं भेटू लागतात. गणिताची प्राध्यापकी सोडावी लागलेला एक मराठी संपादक, लंडनच्या जुन्या चर्चमधला एक पाद्री आणि त्याच्याकडे चहा देणारे लोक, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातला एक वॉर्ड, गोव्याच्या आरोग्य केंद्रांतले डॉक्टर नसलेले समुपदेशक. इस्पितळ आणि कायदा हे या घराण्याचे दूरचे नातेवाईक आहेत. थेट पूर्वज म्हणायचे ते दुसऱ्याचं ऐकून घेणाऱ्या साध्या माणसांना.

हा नुसता इतिहासाचा तपशील नाही. गावात, वस्तीत, सोसायटीत कुणाचा धीर सुटला तर मदत कुठून मिळणार, या आजच्या प्रश्नाचं उत्तर याच वंशावळीत आहे.

भिंतीच्या आतली मदत

वेड्यांच्या इस्पितळांसाठी हिंदुस्थानात १८५८ साली कायदा झाला. १९१२ साली नवा ल्युनसी ॲक्ट आला आणि तो थोडाथोडका नव्हे, १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अमलात येईपर्यंत टिकला. महाराष्ट्रातली ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं ब्रिटिश अमदानीतलीच. त्या व्यवस्थेत माणसाला आत घ्यायचं तर डॉक्टरच्या मताइतकाच मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. रस्त्यावर भटकणाऱ्या वेडसर माणसाला पोलिस पकडून आणत. त्याच्यापासून इतरांना उपद्रव होऊ नये, ही त्या कायद्याची पहिली काळजी होती. त्याच्या जिवाला काय होतंय हा प्रश्न फार मागे होता.

त्यामुळे मदत मिळायची ती सगळं हाताबाहेर गेल्यावर. बाळंतपणानंतर रात्र रात्र रडणारी बाई, सावकाराच्या तगाद्याने अन्न गोड न लागणारा शेतकरी, निकालाच्या दिवशी घरी जायची हिंमत न होणारा मुलगा, यांना त्या दारात काहीच नव्हतं. ज्यांच्यासाठी दार उघडत होतं, त्यांच्या घरच्यांनाही त्याची धास्ती होती. ‘याला ठाण्याला न्या’, ‘हिला येरवड्याला पाठवा’ असं आपल्या घरांत थट्टेत आणि भांडणात अजूनही बोललं जातं. ती धास्ती कुठेही गेलेली नाही.

इस्पितळाच्या भिंतीबाहेर गाणगापूर होतं, नरसोबाची वाडी होती, दर्गे होते, गावोगावचे देवऋषी आणि भगत होते. तिथे माणसं का जात, हे समजून घेतलं पाहिजे. तिथे दाखला मागत नसत, घरचं माणूस सोबत राहू शकत असे आणि ‘बाधा झाली’ म्हटल्यावर दोष त्या माणसाकडे राहत नसे. पण बाधा उतरवायच्या नावाखाली मारहाण झाली, साखळदंड पडले. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी अशाच एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जिवानिशी गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारणं, बांधून ठेवणं हा गुन्हा ठरवला.

बाहेरचं आणि आतलं यांची सांगड घालण्याचा एक सुंदर प्रयोग १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात झाला. डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिलं. घरची माणसं शुश्रूषा करत, आजार समजून घेत आणि बरं झालेलं माणूस बरोबर घेऊन परत जात. उपचारात घरच्यांना जागा देण्याचा विचार पुढे देशभर पोचला, त्याचं एक मूळ या तंबूंमध्ये आहे.

टपालाने आलेले प्रश्न

हेल्पलाइनचं खरं बीज मला दिसतं ते टपालात. जुलै १९२७ मध्ये र. धों. कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी त्यांना सोडावी लागली होती. या मासिकात ते वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. आईबापांना विचारता येत नाही, वैद्यासमोर तोंड उघडत नाही, मित्रांत बोललं तर टवाळी होते, असे ते प्रश्न होते. आपल्या शरीराबद्दल, आपल्या इच्छांबद्दल मनात भीती घेऊन जगणारी माणसं एका अनोळखी संपादकाला पत्र लिहीत आणि तो त्यांना पापपुण्याच्या गोष्टी न सांगता माहिती देई.

याच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांना प्रश्न पडतात तर त्यांना ज्ञानाच्या आधारे उत्तर मिळालं पाहिजे, अशी ती बाजू होती. खटला कर्वे हरले, दंड झाला, मासिक मात्र त्यांनी मरेपर्यंत चालवलं.

त्या पत्रव्यवहाराला त्या काळी कुणी मानसिक आरोग्याचं काम म्हटलं नाही. पण त्यात हेल्पलाइनचे गुण दिसतात. विचारणाऱ्याला उत्तर देणाऱ्याचं तोंड बघावं लागत नाही, उत्तर देणारा त्याला गावात भेटणार नाही, आणि समोरून उपदेश येत नाही. लाज हीच जिथे मोठी अडचण असते तिथे अनोळखी माणूस जवळचा ठरतो.

कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी वारले. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच लंडनमध्ये एका टेलिफोनची घंटा वाजली. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नव्हता, पण त्या एकाच प्रकारच्या दुःखातून निघाल्या होत्या.

चहा देणारी माणसं

१९३५ साली इंग्लंडमधल्या लिंकन इथे चॅड वारा नावाच्या तरुण पाद्र्याला एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. तिला पहिली पाळी आली होती. आपल्याला गुप्तरोग झाला असं तिला वाटलं. विचारायला कुणी नव्हतं आणि तिने जीव दिला. वारा यांनी त्या दिवसापासून मुलामुलींना लैंगिक शिक्षण द्यायला सुरुवात केली. पुढे या विषयावरचा त्यांचा लेख एका लोकप्रिय साप्ताहिकात आला तेव्हा पत्रांचा ढीग जमला. त्यांत जगणं नकोसं झालेल्या माणसांचीही पत्रं होती.

लंडनमध्ये १९३७ पासून ९९९ हा क्रमांक होता. आग लागली, चोर शिरला, अपघात झाला की तो फिरवायचा. पण माणूस मनाने कोसळत असेल तर कुणाला फोन करायचा? वारा यांना सिटी ऑफ लंडनमधलं सेंट स्टीफन वॉलब्रुक हे चर्च मिळालं तेव्हा त्यांनी असा क्रमांक काढायचं ठरवलं. लक्षात राहायला सोपा म्हणून ‘मॅन ९०००’ हवा होता. त्यांनी तो मागायला चर्चमधूनच फोन केला, तेव्हा टेलिफोनवाल्यांनी विचारलं की तुम्ही कुठल्या क्रमांकावरून बोलताय. त्यांनी तबकडीवरची धूळ पुसली आणि पाहिलं तर तिथे ‘मॅन ९०००’ असंच लिहिलेलं होतं. ही हकीकत स्वतः वारा सांगत असत. २ नोव्हेंबर १९५३ रोजी त्या क्रमांकावर पहिला फोन आला.

खरी महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली. फोन येऊ लागले, तशी माणसं प्रत्यक्षही येऊ लागली. वारा एकटे, त्यामुळे बाहेरच्या खोलीत लोक ताटकळत. त्यांना चहा द्यायला, दोन शब्द बोलायला काही स्वयंसेवक येत. हळूहळू वारा यांच्या ध्यानात आलं की बरेच जण आपल्याला न भेटताच, बाहेरच्या बाहेर, हलकं होऊन परत जातात. चहाच्या कपाबरोबर कुणीतरी शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि त्यांना तेवढंच हवं होतं. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी फोन त्या स्वयंसेवकांच्या हाती सोपवला. ‘समॅरिटन्स’ ही संघटना तिथून उभी राहिली.

आपलं महत्त्व कमी होतंय हे दिसत असतानाही एका पाद्र्याने हे पाऊल उचललं. ज्याला डॉक्टरची गरज आहे त्याला डॉक्टरकडे पाठवायचं, बाकीच्यांचं ऐकायचं, त्यांच्या गळ्यात धर्म बांधायचा नाही, एवढे साधे नियम होते. आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता आणि १९६१ पर्यंत तो राहिला. म्हणून बोलणं गुप्त राहण्याला फार मोल होतं.

पुढची वाटचाल भराभर झाली. १९५८ साली लॉस एंजेलिसमध्ये आत्महत्या प्रतिबंध केंद्र निघालं आणि मानसशास्त्रज्ञांनी या कामाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. १९६३ मध्ये सिडनीत ‘लाइफलाइन’ आली. १९७४ साली ‘बिफ्रेंडर्स इंटरनॅशनल’ या नावाने वेगवेगळ्या देशांतले असे गट एकत्र आले.

१९८६

आपल्याकडच्या वंशावळीत १९८६ हे साल ठळक अक्षरांत लिहायला हवं. त्या एका वर्षात तीन ठिकाणी तीन गोष्टी घडल्या.

एप्रिलमध्ये चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ सुरू केली. फोन घ्यायला डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक होते. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना प्रत्यक्ष येऊन बोलता येत होतं. परीक्षांच्या निकालानंतर येणाऱ्या हाका ऐकून या लोकांनी नापास झालेल्या मुलांना लगेच पुन्हा परीक्षा देता यावी असा आग्रह धरला, आणि तमिळनाडूत तशी सोय झाली. महाराष्ट्रात दहावीची फेरपरीक्षा जुलैत घ्यायला २०१५ साली सुरुवात झाली. वर्ष वाया जाणार नाही एवढी खात्री मिळाली तरी एखादं पोर घरी परततं. निराशेचं कारण पुष्कळदा माणसाच्या डोक्यात नसतं, एखाद्या नियमात असतं.

ऑगस्टमध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर अनिल अवचटांनी लेख लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदत केली, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचट यांनी त्याच आवारातल्या वॉर्डात व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. ज्या फाटकाचा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या धसका घेतला होता, त्याच फाटकातून माणसं आपल्या पायांनी आत जाऊ लागली. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा एक मोठा विचार इथे मराठी मातीत रुजला: जो या चिखलातून बाहेर आला तोच दुसऱ्याला उत्तम हात देतो. व्यसनातून बाहेर पडलेले मित्र इथे कार्यकर्ते झाले. व्यसनी माणसाच्या बायकोचंही कुणीतरी ऐकायला हवं म्हणून ‘सहचरी’ गट झाला.

सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक निकाल दिला. रस्त्यावरच्या अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या एका पोलिस शिपायावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला होता. १८६० च्या भारतीय दंड विधानाच्या ३०९ कलमाखाली अशा माणसाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकत होती. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. अशा माणसाला उपचार हवेत, तुरुंगाची कोठडी नको, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं.

निकाल टिकला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हेच मत दिलं आणि १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते फिरवलं. मधल्या काळात घराघरांत काय होत होतं? माणूस वाचला की घरचे इस्पितळात ‘चुकून झालं’, ‘अपघात झाला’ असं सांगत. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून मनाची जखम कुणाला दाखवलीच जात नसे. वाचलेला माणूस त्याच घरात, त्याच दुःखात परत जाई. अखेर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये अमलात आला. त्याचं ११५ वं कलम म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरावं, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखं सरसकट कलम उरलेलं नाही. मुंबईच्या त्या निकालापासून इथवर यायला अडतीस वर्षं लागली.

फोन कुणाच्या घरी होता?

१९८६ साली आपल्याकडे घरात टेलिफोन असणं ही अपूर्वाईची गोष्ट होती. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. शेजाऱ्यांकडे, वाण्याच्या दुकानात, पोस्टात जाऊन बोलायचं, तेही चार जणांच्या देखत. मग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. काचेच्या खोक्यात उभं राहायचं, समोर मीटरचे लाल आकडे पळतायत, बाहेर दोघंतिघं खोळंबलेले. अशा ठिकाणी ‘मला आता सहन होत नाही’ हे वाक्य कोण उच्चारणार? आपल्याकडे हेल्पलाइन उशिरा रुजली याचं एक कारण इतकं साधं आहे.

तरी माणसांनी वाट काढली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ (आयपीएच) ही संस्था सुरू केली. ज्या ठाण्याचं नाव घेतलं की लोकांना मनोरुग्णालय आठवत असे, त्याच शहरात आयपीएचची ‘मैत्र’ ही हेल्पलाइन मराठी माणसाचं दुःख फोनवर ऐकू लागली. मुंबईत केईएम रुग्णालयात ‘हितगुज’ आली, पुण्यात ‘कनेक्टिंग’चे स्वयंसेवक फोनवर बसू लागले, २०१२ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने ‘आय कॉल’ सुरू केलं. धुळ्याकडून कॅनडात गेलेले प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांच्या घरात स्किझोफ्रेनिया होता. आजाऱ्याइतकंच त्याच्या घरच्यांनाही कुणीतरी लागतं, हे त्यांनी सोसून जाणलं होतं. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली, आधारगट सुरू झाले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटाने हा आजार मराठी प्रेक्षकांसमोर माणसाच्या रूपात आणला.

फोनवर बसणाऱ्यांना काय शिकवतात? पहिली गोष्ट, सल्ला द्यायची घाई करायची नाही. ‘सगळं ठीक होईल’, ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक जगतात’ ही आपल्या तोंडी बसलेली वाक्यं तिथे वर्ज्य. समोरचा गप्प झाला तर आपणही थांबायचं. आणि शंका आली तर सरळ विचारायचं, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ हा प्रश्न विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतील असं आपल्याला वाटतं. अनेक अभ्यासांतून दिसलं आहे की तसं होत नाही. पुष्कळांना उलट सुटल्यासारखं वाटतं, कारण इतके दिवस एकट्याने वागवलेली गोष्ट कुणीतरी न दचकता उच्चारलेली असते. हे कौशल्य घरातल्या, कचेरीतल्या, शाळेतल्या कुणालाही शिकता येतं.

दारापर्यंत

वंशावळीची आणखी एक शाखा फोनशिवाय वाढली. १९७५ च्या सुमारास बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने सकलवारा गावात आणि चंडीगढच्या डॉक्टरांनी रायपूर रानीत मानसोपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेऊन पाहिले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. कागदावर सगळं होतं, पण मानसोपचारतज्ज्ञच इतके कमी की तालुक्याला पोचणार कोण?

याचं उत्तर गोव्याने शोधलं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या ‘संगात’ या संस्थेने ‘मानस’ नावाचा मोठा प्रयोग केला. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं. केंद्रात येणारा माणूस ‘मला नैराश्य आहे’ असं म्हणत नाही. झोप येत नाही, अंग दुखतं, थकवा आहे, टेन्शन आहे, असं म्हणतो. समुपदेशक त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलत, शरीराच्या या तक्रारी आणि मनावरचं ओझं यांचा संबंध समजावत, गरज पडेल तिथे डॉक्टरची मदत घेत. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत समुपदेशकांची जोड मिळालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांत सुमारे ६६ टक्के बरे झाले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं.

हीच वाट विदर्भात आली. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांतले चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने सत्तावीस जण घेऊ लागले. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पातले गावकरी आपल्या शेजाऱ्यांचं ऐकू लागले आणि त्यांना सरकारी योजनांशीही जोडून देऊ लागले. निराधार विधवेचं पेन्शन अडलं असेल तर तिच्या मनावरचा भार नुसत्या गोड बोलण्याने उतरत नाही, तिच्याबरोबर तहसील कचेरीत जावं लागतं. साताऱ्यात ‘परिवर्तन’चे मानसमित्र याच विचाराने काम करतात. २०१५ मध्ये राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला तेव्हा घरोघर जाऊन शेतकरी कुटुंबांची विचारपूस करायचं काम आशाताईंकडे, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकांकडे, आलं.

आशाताई ओट्यावर बसते, पाणी घेते, लेकराच्या लसीची चौकशी करते आणि मग विचारते, ‘दादा हल्ली दिसत नाहीत, जेवण जातं ना?’ या एका वाक्यात अर्धी तपासणी झालेली असते. तिला घर माहीत असतं, सून माहीत असते, कर्ज माहीत असतं. असं ऐकायला शहरातल्या तज्ज्ञाला महिने लागतील.

क्रमांक लावल्यावर

या सगळ्या शाखा १४४१६ मध्ये येऊन मिळतात. फोन लावला की भाषा निवडायची. राज्यातल्या केंद्रातला प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. त्याच्या आवाक्याबाहेरचं असेल तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो, जवळच्या सरकारी रुग्णालयाचा पत्ता देतो, गरज असेल तर पुन्हा फोन करून विचारपूस करतो. निम्हान्स या जाळ्याचं मार्गदर्शन करते. १४४१६ सुरू झाला त्याच वर्षी, २०२२ च्या जुलैत, अमेरिकेनेही ९८८ हा तीन आकडी क्रमांक सुरू केला. जीव तत्काळ धोक्यात असेल तर आपल्याकडे ११२ आहे, आणि त्या माणसाला एकटं न सोडणं हे पहिलं काम आहे.

क्रमांकाच्या मर्यादाही मानल्या पाहिजेत. घरात एकच मोबाइल असेल आणि तो नवऱ्याच्या खिशात असेल तर बाईने फोन कधी करायचा? केलाच तर तो क्रमांक मोबाइलमध्ये दिसतो. समुपदेशकाने जिल्हा रुग्णालयात जायला सांगितलं आणि तिथे डॉक्टरची जागा रिकामी असेल तर पुढे काय? २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात २२,७४६ माणसांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. देशातला हा सर्वांत मोठा आकडा आपल्या राज्याचा. त्यातल्या कितीजणांच्या हाती फोन असेल, आणि तरीही आपलं ऐकायला कुणी आहे हे त्यांना ठाऊक नसेल.

म्हणून आपल्या गावासाठी, वस्तीसाठी काही गोष्टी आज ठरवता येतील. ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या, सोसायटीच्या फलकावर १४४१६ मोठ्या अक्षरांत लिहावा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते हे बचत गटाच्या बैठकीत सांगावं. गणेश मंडळाने वर्गणीतला थोडा भाग दहा जणांना ऐकण्याचं प्रशिक्षण देण्यावर खर्च करावा. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी कुठल्या घरी जायचं हे शिक्षकांनी आधी ठरवून ठेवावं. शेतकऱ्याच्या घरी कीटकनाशकं कुलपात राहतील हे पाहावं, कारण संकटाची घटका टळली तर बहुतेक माणसं जगतात.

सरकारकडूनही एक गोष्ट ठामपणे मागायला हवी. कर्व्यांच्या मासिकापासून आशाताईच्या वहीपर्यंत हे काम ज्यांनी केलं त्यांतल्या बहुतेकांना त्याचा मोबदला मिळाला नाही, किंवा नाममात्र मिळाला. ऐकणं हे सेवाभावावर सोडून द्यायचं काम नाही. आशाताईला त्यासाठी प्रशिक्षण, वेळ आणि वेगळं मानधन मिळालं पाहिजे, जिल्हा रुग्णालयातली मानसोपचाराची पदं भरली गेली पाहिजेत, आणि अंदाजपत्रकात या खर्चाला स्वतंत्र रकाना हवा. शंभर वर्षांत साध्या माणसांनी सिद्ध करून दाखवलं आहे की वेळेवर ऐकल्याने जीव वाचतो. आता त्यासाठी पैसे देण्याची पाळी आपली, म्हणजे समाजाची आणि सरकारची आहे.